लुगड्याची गाठ

सृष्टी : आई, थांब. तिथंच दारात थांब.

सुलाबाई : अगं बया! हरसूलवरनं दोन गाड्या बदलून आले, अन् पोटची पोर दारात उभं करती?

सृष्टी : तुझ्या लुगड्याला धुराचा वास येतोय.

सुलाबाई : येनारच. तुझ्यासाठी चुलीवर भाकरी थापल्या सकाळी. अन् पिशवीत बघ, गवऱ्या, ओवा, शेपा. न्यायला आले तुला. पहिलं बाळंतपन माहेरीच. शेक दीन, धुरी दीन, लय मायेनं करीन बघ.

सृष्टी : पिशवी बाहेरच ठेव. मला नाही येता यायचं. माझ्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय. धूर नाकात गेला की धाप लागते, सगळा ताण हृदयावर येतो. बाळालाही श्वास कमी पडतो.

सुलाबाई : कवापासनं हे?

सृष्टी : लग्नानंतर कळलं. डॉक्टर म्हणाले होते, दिवस जाऊ देऊ नका, जिवावर बेतेल.

सुलाबाई : तरी ठिवलंस? जावई काय म्हनले?

सृष्टी : संघर्ष तर मूल नकोच म्हणत होता. मीच हट्टाला पेटले.

सुलाबाई : का गं पोरी?

सृष्टी : खिडकी उघडली की समोरच्या बांधकामाची धूळ. खाली कचरा जाळतात. तो सकाळी कंपनीत गेला की मी अन् या बंद काचा. इंदिरानगरात एवढी माणसं, पण माझ्याशी बोलायला कुणी नाही. वाटलं, आपलं कुणीतरी असावं.

सुलाबाई : मला सांगायचं व्हतंस.

सृष्टी : तू म्हणाली असतीस, पाडून टाक.

सुलाबाई : म्हनलेच असते. मला तू पायजे.

सृष्टी : आता सातवा लागलाय, आई. जा, डोक्यावरून अंघोळ कर. माझा गाऊन आत अडकवलाय.

(सुलाबाई लेकीचा फुलाफुलांचा गाऊन घालून, ओल्या केसांनी बाहेर येते.)

सुलाबाई : आता येतो का वास?

सृष्टी : साबणाचा येतोय. बस इथं, अगदी जवळ. राहशील?

सुलाबाई : आजची रात. तुझ्या बापाला उठवून बसवावं लागतं गं, शेजारीन किती दीस करनार? हे लुगडं धुऊन टाकते.

सृष्टी : धुऊ नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मार.

सुलाबाई : अन् मी काय नेसून जाऊ?

सृष्टी : माझी साडी नेस.

सुलाबाई : धुराचं लुगडं तुला कशाला? वास घ्यायचा नाय तुला.

सृष्टी : गाठ नाही सोडणार गं. नुसती पिशवी उशाशी ठेवीन.