गणू मास्तरांची पितळी

पारूबाई : आत या की, दादासो. दारात किती येळ हुबं ऱ्हाणार? पायल, च्या दे त्यास्नी.

दादासो : इथंच बरंय. पाहुणे औंधात उतरलेत, उद्या सकाळी मास्तरांच्या स्मारकाच्या उद्घाटनाला येतील. तुला काय बोलायचंय ते पायलनं सांगितलं ना?

पारूबाई : सांगितलं. इंग्रजाच्या राज्यात गणू मास्तर फरारी हुतं, तवा ते तुमच्या माडीवर लपल्यालं. आसं म्या माईकवर सांगायचं. व्हय न्हवं?

दादासो : एवढंच. मास्तरांना डोळ्यानं बघितलेलं गावात तुझ्याशिवाय कोण उरलंय?

पारूबाई : मग आइका. मास्तर ह्या खोलीत हुतं, त्या कोपऱ्यातल्या कणगीत. मी एवढीशी हुते, पर समदं ध्येनात हाय.

पायल : आजी, अगं...

पारूबाई : थांब गं! फौजदार दारात आला. कुनी आणला? ह्यांच्या आज्यानं. पर आत कुनी पाय ठेवला न्हाई. म्हारवाड्यातलं घर, इटाळ हुईल म्हनून! त्येच्यामुळं मास्तर वाचलं. आप्पाला तेवढा भाईर वढला आन् दोनी पाय मोडलं. आप्पानं तोंड उगाडलं न्हाई. मरस्तवर सरपटत हिंडला माझा बाप.

दादासो : झालं? आता माझं ऐक. तुझी ही खोली बघायला कोण येणाराय? गाडी तरी वळती का बोळात? आमची माडी रंगवून तयार आहे, पाटी लागलीय. मोठा माणूस मोठ्याच घरात शोभतो.

पारूबाई : मास्तर काय शोभायला आल्यालं व्हय? जीव वाचवायला आल्यालं!

दादासो : पायल, तूच सांग बाई हिला. पतसंस्थेत तुला कायम करायचंय. संचालक विचारतात, पोरगी आपल्या ऐकण्यातली हाय ना? काय सांगू त्यांना?

पायल : आजी, म्हण ना. एक वाक्य तर आहे.

पारूबाई : तुझ्या पणज्याचं पाय गेलं गं पोरी!

पायल : त्यांचे गेले. मला अजून चालायचंय.

(दारातल्या चहावर साय धरते.)

दादासो : शिकल्याली पोर आहे बघ. चल, म्हणून दाखव. मास्तर कुठं लपले होते?

पारूबाई : ...पाटलांच्या माडीवर.

दादासो : मोठ्यानं. आणि तुझ्या बापाचे पाय कशानं मोडले?

पारूबाई : त्ये बी सांगायचं?

दादासो : कुणी विचारलं तर. झाडावरनं पडला म्हणायचं.

पायल : म्हण, आजी.

पारूबाई : झाडावरनं... पडला.

दादासो : शाब्बास! आता मास्तर जेवायचे ती पितळी दे. काचेच्या पेटीत ठेवायचीय.

पारूबाई : ती आप्पाची हाय. दोघं त्या एकाच पितळीत जेवायचं, मांडीला मांडी लावून. ती न्हाई द्यायची. पायल, हात न्हाई लावायचा!

पायल : सोड, आजी. सोड म्हणते ना! घ्या, दादासो.

दादासो : माझ्या हातात नको. ओट्यावर ठेव, आमचा गडी येऊन नेईल. आणि चहा राहू दे, आत्ताच झालाय माझा.

पायल : बरं, साहेब.

दादासो : पितळी तेवढी दोनदा घासून ठेव गं. पेटी आमच्या देवघराला लागून आहे.