दंडाला बांधलेला रुमाल

— नाही नाही, तो मिठाईचा पुडा राहू द्या तुमच्याकडेच, स्वरूपराव, अजून काही ठरलेलं नाही. आधी बसा. तिकडे नको, तिकडे एसीच्या मशीनची गरम हवा येते, इथे टेलिफोनपाशी बसा, सावली आहे. हां. हॉटेलची मागची बाजू ही — पुढे झल्लाकचा समुद्र आणि छत्र्यांखाली गोरे, मागे आम्ही. चहा घेणार? घ्याच. तर दत्तारामदादाला भेटा, तो हो म्हणाला तर हो — असंच सांगितलंन ना चारुलतानं? बरोबर आहे. तिला वडील नाहीत, आई देवरुखला, इथे बहरीनमध्ये तिचं मोठं माणूस म्हणजे मीच. मग मी विचारणार, राग मानू नका. पिता का? शुक्रवारी एखादी बियर... बरं, खरं बोललात ते बरं केलंत. आणि फॅमिली व्हिसाचं काय? नाहीतर लग्न करून ती देवरुखला आणि तुम्ही इथे मनामात, दोन वर्षांतून एकदा रजा — असलं मला चालायचं नाही. ऑफिस देणार म्हणता? नक्की? मग मफी मुश्किल, काही अडचण नाही.

सख्खा? छे हो! तिनं सांगितलं नाही? मी गुहागरचा, ती देवरुखची, ना नातं ना गोतं. इथेच ओळख झाली. मी एसीवाला, ती टेलिफोन ऑपरेटर. मग दादा कसा झालो, तर ती एक गंमतच आहे, चहा पिता पिता ऐका. कुवेतची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, ब्याण्णव साल. उन्हाळ्यात बीचवर काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून आमच्या बँक्वेटच्या मॅडमनं टूम काढलीन — दर गुरुवारी हॉलमध्ये जेवणाबरोबर खेळ करायचा. विलायतेतले जुन्या काळचे सरदार, चिलखत घालून घोड्यावरून लढायचे ते. आता तिकडून नट आणायचे कुठे परवडतं, म्हणून सरदार कोण? आम्हीच! चिलखतं मी आणि हमीदनं केली, डक्टच्या पत्र्याची — हमीद आमच्या मेंटेनन्सचाच, श्रीवर्धनचा. घोडे म्हणजे सामानाच्या ट्रॉल्या आणि भाले म्हणजे मॉपचे दांडे. हसा, हसा, सगळे हसायचे. पण मॅडम हसायची नाही हां. ती जीव तोडून शिकवायची — सरदारानं दिलेला शब्द मोडायचा नाही, खाली पडलेल्यावर वार करायचा नाही, बाईमाणसाची अब्रू राखायची. इंग्रजीतून सगळं, धडाधडा. आम्ही आपले ‘येस मॅडम, येस मॅडम’. माझ्या निम्मं डोक्यावरून जायचं. चारूला मात्र सगळं कळायचं. कोणीतरी पाहुणा त्या सरदारांच्या गोष्टींचं पुस्तक खोलीत विसरून गेला होता, ते तिनं वाचून काढलंन आणि मेसमध्ये जेवताना मला सांगत बसायची. रोज एक. मी डाळभात कालवायचो आणि ती सांगायची, तिचं ताट तसंच. तेव्हा नुसतं दत्ताराम म्हणायची मला.

तर पहिला खेळ होता ऑगस्टात, आणि नेमकी त्याच दिवशी नारळी पौर्णिमा. सकाळी मनामाला गेलो होतो, देवळाजवळ गुजराती पोरं हातभर राख्या बांधून हिंडत होती. मला बहीण नाही, स्वरूपराव. लहानपणी शेजारची एक बांधायची, तिचं लग्न झालं, मग ते पण खलास. असो. संध्याकाळी हॉल भरलेला, मी पत्र्यात उकडतोय, आणि लढाईच्या आधी चारू आली मधोमध, खेळातली राजकन्या म्हणून निळा झगा घालून. जवळ आली आणि स्वतःचा रुमाल माझ्या दंडाला बांधलान. मनगटावर माझ्या पत्र्याचा मोजा, तिथे कुठे बांधणार, म्हणून दंडाला — मला आपलं असं वाटलं. तुम्हाला काय वाटलं असतं? पौर्णिमेच्या दिवशी आपल्यातली बाई हाताला काही बांधते, तर माणसाला दुसरं काय वाटणार? मला इतकं भरून आलं ना — मी टोप काढला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हटलं, चारू, आजपासून तू माझी बहीण! गोऱ्यांना वाटलं, खेळातलंच वाक्य. टाळ्याच टाळ्या. आणि ती... तिनं रुमालाची गाठ एकदा परत आवळलीन. मग वाकून नमस्कार केलान आणि ‘बरं, दादा’ म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी राखी बांधते, नारळीभात करून आणते.

झाली गंमत. संपली. म्हणजे — संपली होती. यंदा मॅडमनं तो खेळ परत काढलान. आता नवी फिलिपिनो पोरगी आहे, तिला मॅडम म्हणाली सरदाराच्या दंडाला रुमाल बांध, तर ती ऐकेचना! माझा बॉयफ्रेंड आहे, मी दुसऱ्याला कसा बांधू? मी आपला हसतोय, म्हटलं अगं बये, राखीला काय घाबरतेस! हमीदनं हातातला दांडा खाली ठेवलान. म्हणाला, दत्ता, राखी कसली रे? त्या सरदार लोकांत बाईनं तोंडानं बोलायचं नसतं, जीव ज्याच्यावर असेल त्याच्या दंडाला रुमाल बांधायचा. मॅडमनं तेव्हाच सांगितलं होतं की! सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना हो, भांडी घासणाऱ्यापर्यंत. आणि चारूनं तर पुस्तक वाचलं होतं. मी जाऊन मशीनच्या खोलीत बसलो. तिथे एवढा आवाज असतो की कोणी रडलं तरी कळत नाही... हे तुम्हाला कशाला सांगत बसलो मी? चहा गार झाला तुमचा.

नाही, तिला नाही विचारलं. काय विचारायचं? इतकी वर्षं जिच्याकडून राखी बांधून घेतली तिला? मध्ये रजेवर गेलो तेव्हा देवरुखला गेलो होतो, तिच्या आईनं मला ओवाळलंन हो, लेकीला भाऊ मिळाला म्हणून रडली म्हातारी. त्या दारात आता जावई म्हणून उभा राहू? बोलायला सोपं असतं सगळं. आणि मग तुमचं स्थळ आलं. ती आली माझ्याकडे, म्हणाली, तू हो म्हणशील तर हो. नाही म्हणशील तर थांबेन मी. किती थांबेन, कशासाठी, काही नाही. मी खाली मान घालून पाना पुसत बसलो, दुसरं काय करणार.

खरं सांगू? तुमच्यात खोट काढायलाच बोलावलं तुम्हाला. नाहीच म्हणणार होतो, देवाशप्पथ. बियरचं निमित्त पुरलं असतं मला. तुम्ही पण असले भोळे, विचारल्याबरोबर सांगून मोकळे! आवडते हो ती मला. बोललो एकदाचं. पण चारशे माणसांत तिच्या डोक्यावर हात ठेवलाय मी, तो उचलून आता कुठे ठेवू?

बसा, उठू नका. तिला यातलं काही सांगायचं नाही, शब्द द्या. माझ्याकडे असे बघू नका, शब्द द्या आधी! ... हां.

फोन वाजला बघा. तीच असणार, आज तिचीच ड्यूटी आहे, विचारायला करत असेल. मला नका देऊ. तुम्ही उचला आणि हो म्हणून सांगा, दादा हो म्हणाला म्हणावं. अहो बघताय काय, उचला! माझ्याच्यानं व्हायचं नाही.