आख्ख्या गारखेड्यात मी एकटी

माझ्या घरमालक काकांनी मला खोली सोडायला सांगितली होती, ते तुम्हाला सांगितलं नाय का? मी तृतीयपंथी आहे हे काकांना खोली देतानाच माहीत होतं. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मग कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपात शिरले आणि एक दिवस मोबाईल घेऊनच दारात उभे.

"हे बघ, शंभर व्हिडिओ आलेत. जिकडं बघावं तिकडं तुम्हीच! उद्या आख्खा गारखेडा भरून जाईल. तू खोली सोड."

मी पायात चप्पल सरकवली. "चला काका, गल्लीगल्ली फिरू. माझ्यासारखी दुसरी दाखवा."

"आत्ता लगेच कशी दिसंल?"

"मग कधी दिसंल? आल्यापासून मीच शोधतेय. सणाला हक्कानं जेवायला बोलवावं, अशी एक मैत्रीण इथं मिळाली नाय मला. तुमच्याकडं शंभर आहेत ना? एकीचा तरी पत्ता द्या."

काका बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. त्यातली एकही इथली नव्हती. शेवटी त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

"पण लोकांनी विचारलं तर?"

"सांगा, एकच आहे. आणि ती इथून हलणार नाय."