कॅसेट आता कॅमेऱ्यातच

सरोजिनी नगरच्या स्टॉपवर नोएडाची बस येत नव्हती. बाकावर माझ्याशेजारी दोघे मराठीत बोलत होते. एकाच्या मांडीवर नव्या व्हिडिओ कॅमेऱ्याची पेटी होती, दुसऱ्याचे हात रिकामे होते.

"शहाजी, पाहिलास ना कॅमेरा?"

"पाहिला. कॅसेट आता त्याच्यातच बसते म्हणे."

"हो. वेगळा रेकॉर्डर लागतच नाही."

"चलो, माझ्या खांद्याला आराम. नऊ वर्षं तो रेकॉर्डर खांद्यावर घेऊन, केबलने बांधल्यासारखा तुझ्या मागे फिरलो, विश्वास."

"गाझियाबादला नाल्यात पडलो होतो, आठवतं?"

"तू पडलास. डोळा कॅमेऱ्याला लावून उलटा चालत होतास. त्या दिवसापासून मी तुझी कॉलर धरायला लागलो."

"साहेबांनी काल विचारलं, युनिटला माणसं किती लागतील."

"मग?"

"खरं ते सांगितलं."

"किती सांगितलीस?"

"दोन. मी आणि ड्रायव्हर."

"अच्छा."

"मी नसतं सांगितलं, तरी त्यांना कळलंच असतं रे."

"बिल्कुल. पण त्यांचं त्यांना कळू द्यायचं होतंस."

"शहाजी, वहिनींना मी येऊन सांगू का?"

"नको. तू सांगितलंस तेवढं पुरे."

"बस आली. चल, आजचा दिवस तरी ये."

"कशाला? काय उचलू?"

"असं नको ना बोलूस यार. चल..."

"अरे, माझ्याकडे बघत उलटा कुठे चाललास? थांब, मागे खड्डा आहे."