गुडघ्यावरचं लुगडं

(कोलशेत. दुपारची जेवणं उरकलीत. हॉलमध्ये ठमाबाई, तिचा नातू मितेश आणि डोंबिवलीहून आलेली त्याची मोठी बहीण समृद्धी.)

ठमाबाई : ...मांडवभर बाया बसलेल्या, न शेवंती मोबाईल नाचवत बोलते कशी, "ठमाबाय, म्हातारपनी यो काय छंद लागला गो तुना?" हलद जगनच्या पोरीची, न तोंड पिवला माजा.

मितेश : आजी, शेवंतीआजीचं काय मनावर घेतेस. तिला काय कळतं मी बनवलेल्या गेममधलं.

ठमाबाई : तिना नाय कलत, तिच्या नातवाला कलतंय. हितेशनी दाखवला ना सगल्यांना. बोलला, ठमाआजीचा गेम साधा सापरत नाय, घान गेमांच्या कपाटात ठेवलाय. मितेश, मना येवराच सांग. त्या कपाटात मना कोनी ठेवला?

समृद्धी : सांग ना, मित्या. मी पण तेच विचारायला आलेय. शीळफाट्याला तासभर सडले ट्रॅफिकमध्ये, तेव्हा नीट सांग.

मितेश : अगं ताई, फिल्टर आहे त्यांचा. ऑनलाइन दुकान आहे ना ते, तिथे प्रत्येक गेमची जात लावतात. उघडंवाघडं काही असलं की 'मॅच्युअर' म्हणून शिक्का. शिक्का बसला की गेम गायब. ज्याने सेटिंगमध्ये जाऊन 'मला सगळं दाखवा' केलंय, त्यालाच दिसतो.

समृद्धी : ते मला नको शिकवू. रुद्रच्या अकाउंटला फिल्टर मीच लावलाय. म्हणून तर पोरगा रडला. अख्ख्या वर्गाला सांगून आलेला, माझ्या मामाने माझ्या पणजीचा गेम बनवलाय. सगळ्यांनी घरी जाऊन शोधला. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पोरं बोलली, फेकतोस तू.

मितेश : मला विचारायचं ना त्याने.

समृद्धी : मग मी माझ्या अकाउंटवरून फिल्टर काढून बघितलं. तुझा 'मिठागर' गेम दिसला. आणि त्याच्या आजूबाजूला जे दिसलं, ते आजीसमोर बोलू शकत नाही.

ठमाबाई : बोल. शेवंतीनी मांडवात दाखवला, न तू घरात लाजतंस?

समृद्धी : कार्टूनमधल्या बायका, आजी. कपडे नावाला. एवढे एवढे डोळे, आणि बाकीचं सगळं डोळ्यांपेक्षा मोठं. आणि त्यांच्या मधोमध तू, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन.

ठमाबाई : त्या बाया काम काय करतात?

समृद्धी : काही नाही. उभ्या असतात.

ठमाबाई : मंग मी त्यांच्यात कशी? मी तं आख्ख्या गेमात उबी रायलेली नाय. भरती यायच्या आदी टोपल्या वाहून वाहून जीव जातो माजा.

मितेश : तेच तर बोलतोय मी. बेअक्कल लोक आहेत एक नंबरचे. त्यांच्या पहिल्या पानावर काय आहे माहितेय? करवतीने माणसं कापायचा गेम. डोकं उडालं की पॉइंट. तो सगळ्यांना दिसतो, फिल्टर-बिल्टर काही नाही. वर सेल पण लावलाय. रक्त चालतं त्यांना. गुडघा नाही चालत.

ठमाबाई : म्हंजे मानूस कापला तं चालतंय, न बाईचा पाय दिसला तं नाय.

समृद्धी : संस्कारी दुकान आहे, आजी.

ठमाबाई : जलला मेला त्यांचा संस्कार. न हिकरं शेवंती. आता गाऊनवर ओढनी घेऊन फिरते, आनि मना शिकवते. मिठागर इसरली ती.

मितेश : गोविंदाकाका तर पेटलाच आहे. बोलला मोर्चा काढू, दोन टेम्पो भरून पोरं आणतो. मी बोललो, काका, नेणार कुठे? दुकान इंटरनेटवर आहे. तर बोलतो, वागळे इस्टेटला त्यांचं एखादं गोडाऊन असेलच की.

समृद्धी : काकाला काय, चार बिल्डिंगांचं भाडं येतंय, मोर्चाला वेळच वेळ. बॅनरवर त्याचा फोटो गॉगल घातलेला, भलामोठा. आजी कुठेतरी खाली, स्टॅम्पएवढी.

ठमाबाई : मी नाय येनार मोर्च्याला. आदीच लोक माज्याकरं बगून हसतात. काल पिठाच्या गिरनीवर गेली, तं दोन पोरी एकमेकीना कोपर मारत व्हत्या. येवऱ्या वर्सांत मी कोनासमोर मान खाली नाय घातली. काल घातली.

मितेश : आजी, ऐक ना. मी उपाय केलाय ऑलरेडी. कालची रात्र जागून केलंय. हे बघ नवीन व्हर्जन. आता फिल्टरच्या बापालाही काही सापडणार नाही.

ठमाबाई : ही कोन?

मितेश : तूच. फक्त लुगडं घोट्यापर्यंत घेतलंय. आणि पदर दोन्ही खांद्यांवरून.

ठमाबाई : ही मिठागरात चालली का लग्नाला?

समृद्धी : मला तर टीव्हीवरच्या मालिकेतली सासू वाटतेय. टोपली काढ, हातात आरतीचं ताट दे.

मितेश : ताई, तू गप्प बस जरा. आजी, दिसायला चांगलंच दिसतंय की.

ठमाबाई : दिसायला. आनि चालायला? वाफ्यात पानी पोटरीपर्यंत. लुगरा भिजला की मिठाचा पानी पितो न सुकला की कराकरा वाजतो. मंग मांडीला घासून घासून साल निघते. रातची झोप नाय लागत आगीनी. म्हनून गुरघ्याच्या वर खोचायचा. कोनाला दाखवायची हौस नव्हती.

मितेश : ते मला माहितेय गं. पण त्या लोकांना कोण सांगणार? तिकडे गोऱ्यांच्या देशात बसलेत. त्यांना लुगडं म्हणजे काय ते पण माहीत नाही.

समृद्धी : मित्या, एक विचारू? हा शिक्का मारतं कोण?

मितेश : कोण म्हणजे? सिस्टिम.

समृद्धी : सिस्टिम म्हणजे कोण?

मितेश : म्हणजे ऑटोमॅटिक असतं गं ते. कॉम्प्युटर बघतो. तुला नाही समजणार.

समृद्धी : बरं. मग गेमच्या पानावर खाली हे जे लिहिलंय ते मला वाचून समजव. मी फोनवर उघडूनच बसलेय. "गेम बनवणाऱ्याने या गेममधल्या मॅच्युअर गोष्टींचं असं वर्णन केलं आहे."

मितेश : ते सगळ्याच गेमना असतं.

समृद्धी : असेल. पुढे ऐक. "यातली मुख्य स्त्री बहुतेक वेळ अर्धनग्न अवस्थेत दिसते." बनवणारा कोण आहे, मित्या? गोरा आहे का?

मितेश : ताई, तसं नाहीये ते. गेम टाकताना प्रश्न विचारतात. असं काही आहे का, तसं काही आहे का. हो की नाही.

समृद्धी : आणि तू 'हो' बोललास.

मितेश : सेफ साइड म्हणून. नंतर कोणी कंप्लेंट केली असती तर गेम कायमचा उडाला असता.

समृद्धी : म्हणजे सिस्टिम तू आहेस.

मितेश : असं काय बोलतेस?

समृद्धी : मग कसं बोलू? आठवडाभर त्या दुकानाला शिव्या घालतोयस. काकाला टेम्पो भरायला लावलेस. त्या दुकानाने तुझ्यावर विश्वास ठेवला रे, एवढीच त्यांची चूक. कंप्लेंट करणार कोण होतं?

मितेश : कोणी पण.

समृद्धी : मित्या.

मितेश : ऋतिकाच्या घरचे. झालं समाधान?

समृद्धी : तुझी होणारी सासरवाडी? त्यांचा काय संबंध?

मितेश : साखरपुड्याच्या आधी मी कल्याणला गेलेलो त्यांच्याकडे. लॅपटॉपवर गेम दाखवला. तिचा भाऊ बोलला, "ही तुमची आजी? अशी फिरायची?" सगळे हसले. तिचे पप्पा उठून आत गेले. ते लोक वेगळे आहेत यार, तीन पिढ्या शिकलेल्या. मला वाटलं, हा शिक्का लागला तर त्यांना परत दिसणार नाही. ते कुठे सेटिंग बदलायला जातायत. आणि आपल्या लोकांना मी सांगितलंच असतं, असं करा, तसं करा, मग दिसेल.

समृद्धी : हसले तेव्हा तू काय केलंस?

मितेश : काय करणार?

समृद्धी : तू पण हसलास.

मितेश : थोडंसं.

समृद्धी : वा. दोन वर्षं नोकरी सोडून गेम बनवला, ज्याला त्याला सांगत सुटलास, माझी आजी माझी हिरॉइन. आणि हिरॉइनला बघायला पाहुणे आले तर तिला माळ्यावर लपवलीस. रुद्रला काय सांगू मी? तुझा मामा फेकत नाही, फक्त घाबरतो?

ठमाबाई : समृद्धी, तू थांब आता. मितेश, हिनी काय वाचला? अर्धनग्न. म्हंजे काय?

मितेश : आजी, सोड ना.

ठमाबाई : सोरतंय. सांग, मंग सोरतंय.

मितेश : म्हणजे अर्धी... उघडी.

ठमाबाई : बरा. ता शेवंतीचा शब्द नाय. हितेशचा नाय. दुकानाचा पन नाय. तुजा हाय.

मितेश : आजी, माझ्या मनात तसं नव्हतं.

ठमाबाई : मनात नव्हता न हातानी लिवलास? आयक. मिठागरावर शेट यायचा, मुकादम यायचा, ट्रकवाले कुठकुठले यायचे. परके बापये. त्यांच्यातले काय साधुसंत नव्हते. तरी त्यांच्यासमोरनं मी तशीच चालत गेली, टोपली घेऊन, आनि एकानी पन मना उघरी नाय बोलला. बोलायची छाती नव्हती. आज माज्या नातवानी बोलला, न तो पन सगल्या दुनियेच्या पुरं. मना लई वाईट वाटला, मितेश. शेवंतीचा नाय वाटला येवरा.

मितेश : चुकलं, आजी.

ठमाबाई : चुकला तं हाय.

मितेश : आत्ता काढतो. हे बघ, इथे 'नाही' केलं. ते वाक्य पण पुसलं. ते लोक दोन-तीन दिवस तपासतील, मग शिक्का निघेल. रुद्रच्या अकाउंटवर पण दिसेल.

समृद्धी : आणि ती मालिकेतली सासू?

मितेश : उडवली. जुनंच लुगडं ठेवतोय. कल्याणला पण मीच जाऊन दाखवतो, ऋतिकाच्या पप्पांना समोर बसवून. हसू दे नाहीतर लग्न मोडू दे.

समृद्धी : एवढा पण हिरो बनू नको. आधी दाखव.

ठमाबाई : कल्यानचा नंतर बगू. चप्पल घाल.

मितेश : आता? कुठे?

ठमाबाई : शेवंतीकरं. तिचा नातू पन घरात असल. मी येतंय तुज्यासंगती.

मितेश : आजी, तिला काय सांगू मी?

ठमाबाई : तू जा लिवला व्हतास, ताच शब्द सांग.

मितेश : तिच्या तोंडावर?

ठमाबाई : मंग? मिठागरात रोज माज्या पुरं चालायची ती. तिनी पन लुगरा तवराच वर खोचलेला.