कोरड्या कपड्यांची पिशवी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका मिलोसावाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, बंदरावरचे सगळे काका-मावश्या, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे वॉटरपोलोचे त्रिपो सर, सर्वांना माझा नमस्कार. बाहेर मासे तळायला घेतलेत, वास इथवर येतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

आपल्या धक्क्यावरची रीत तुम्हाला मी काय सांगायची? संघात नवी मुलगी आली की बाकीच्यांनी तिला अंगावरच्या कपड्यांसकट समुद्रात ढकलायचं. संघ सोडून कुणी निघालं की त्यालाही. नुसती टोपी आणि नंबर मिळून कुणी आपल्यातलं होत नाही.

मी अकरा वर्षांची असताना संघात आले. त्याच हिवाळ्यात माझ्या वडिलांची होडी परत आली नव्हती. मला तेव्हा काहीच वाटत नसे. रडू येत नसे, भूक लागत नसे, शिडीवरून सरावाला उतरले तरी पाणी गार आहे की कोमट हेही कळत नसे. एकच हवं होतं, मला ढकलावं. म्हणून रोज पिशवीत कोरडे कपडे घेऊन मुद्दाम कडेला उभी राहायची. माझ्यामागून आलेल्या दोघी भिजूनही झाल्या. मला कुणी हात लावेना. आमची कप्तान नेदा, ही बघा पहिल्या रांगेत बसलीय, एरवी हिच्या जिभेला हाड नाही, तीसुद्धा म्हणायची की तू बस गं, दमली असशील. तिचं तरी काय चुकलं? पाण्याने जिचा बाप नेला, तिला पाण्यात ढकलणं कुणाच्याने होईल? सगळ्यांच्या मायेपायी मी आपली कोरडीच राहिले.

एके दिवशी सर माझ्यापाशी थांबले.

"रोज काय वागवतेस गं त्या पिशवीत?"

"कोरडे कपडे."

"पिशवी बाजूला ठेव," म्हणाले, आणि दिली ढकलून.

वर आले तर सगळ्या धक्क्याच्या कडेला येऊन वाकून बघत होत्या. मग नेदा बोलली, "बावळट, बूट तरी काढायचेस." आणि एकेक करून सगळ्यांनी कपड्यांसकट उड्या टाकल्या. मला हुडहुडी भरली. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं होतं. घरी जाऊन पोटभर जेवले आणि मग रडले.

सर, वसंतात तुमच्या पत्नी, आपल्या रोसांदाकाकू गेल्या. तेव्हापासून सगळं गाव तुमच्याशी हळू आवाजात बोलतंय. परवा मी विचारलं, तर म्हणालात की मला काही होत नाही गं, आत सगळं बधिर आहे. आज फुलं आहेत, मानपत्र आहे, पण ती रीत कार्यक्रमातून गाळलीय. का गाळली, ते मला कळतं. तुमच्या मनाला लागू नये म्हणूनच.

आयोजकांचे आणि अध्यक्षांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, आणि आता जे होणार आहे तेही. सर, घड्याळ काढून नेदाकडे द्या आणि धक्क्यावर चला. कोरडे कपडे मी आणलेत.