अर्धा मिनिट मागे

रत्नागिरी स्टँडवर राजापूरच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या, एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी.

“फिजा, अब्बा गेल्याचं कालच कळलं गो. भाऊ आला होता?”

“नाय बाई. अझीमला मस्कतहून सुट्टी मिळाली नाय. शेवटी त्याला अब्बांचा श्वास ऐकवला.”

“फोन लावून?”

“नेटवरचा कॉल तिकडे लागत नाय. मशिदीतलं बयान, मौलवींचं प्रवचन, आम्ही घरी ज्या ॲपवर लाइव्ह ऐकतो, त्याच्यावर आमचंच लाइव्ह चालू करून फोन अब्बांच्या उशीवर ठेवला. त्याच्यात आवाज अर्धा मिनिट उशिरा पोचतो. मेसेज मात्र लगेच येतो.”

“मग?”

“असरच्या नमाजाच्या वेळेला श्वास थांबला. मी अब्बांचे डोळे मिटत होते, तेवढ्यात अझीमचा मेसेज आला. ‘ऐकू येतंय. आज श्वास बरा वाटतोय ना?’”

“अगो बाई! फोन बंद करायचास.”

“कसा करू? त्याच्याकडे अब्बा अजून होते.”

“काय लिहिलंस त्याला?”

“‘हो’ लिहिलं. मग आम्ही सगळी गप्प बसून राहिलो, त्याला कळेपर्यंत.”